चालून येणारा

"बाई, चपला बाहेर काढू की आत?"

दारात उंच, दाढी वाढलेला, खांद्याला झोळी अडकवलेला माणूस उभा होता. मी त्याला ओळखलं नाही, प्रश्न मात्र ओळखला. अकरा वर्षांचा असल्यापासून जयवंत शिरढोणे माझ्या दारात उभा राहून हेच विचारायचा, कारण शिकवणीच्या पहिल्याच दिवशी त्याची एक चप्पल कुत्र्याने पळवली होती.

"आत काढ," मी म्हणाले. "कुत्रं बदललंय, खोड तीच आहे."

तो हसला आणि वाकून नमस्कार केला. त्याच्या डोक्यावर हात ठेवताना फार आनंद झाला मला.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. जानेवारीचा महिना होता. आमच्या गावाबाहेरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात होत्या, त्यांतलीच एक कधीकाळी जयवंतचे वडील चालवायचे. कृष्णाकाठच्या त्या गावातल्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. बहुतेक मुलं मार्कांसाठी यायची आणि दहावीनंतर सगळं विसरून जायची. जयवंत तसा नव्हता. त्याला शब्द चालवायला दिला की तो आठही विभक्त्या एका दमात म्हणायचा आणि मग विचारायचा, "बाई, अजून एक?" चार वर्षं तो रोज संध्याकाळी घरी येत होता. मी लग्न केलं नव्हतं. वडिलांचं करण्यात वय गेलं. घरात मूल म्हणून कोणी वावरलं असेल तर तोच.

पुढे तो पुण्याला डिप्लोमाला गेला, तिथेच नोकरीला लागला. पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग सहा वर्षं काही नाही. दरम्यान मी निवृत्त झाले. बहीण हुबळीला, तिचा फोन रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस माझा आवाज मला फक्त दूधवाल्याशी बोलतानाच ऐकू यायचा.

मी दडपे पोहे केले. तो भिंतीला टेकून, पूर्वी बसायचा तसाच, मांडी घालून बसला. खाऊन झाल्यावर त्याने झोळीतून फुलस्केप कागदांचा गठ्ठा काढला.

"आमच्या अभ्यासवर्गाची पुस्तिका काढतोय. संस्कृत वचनं तेवढी तपासून द्याल?"

"कसला अभ्यासवर्ग?"

"पुण्यात दर रविवारी जमतो. धर्माचा अभ्यास. काका घेतात. फार मोठा माणूस आहे, बाई. मराठी मजकूर त्यांनी पाहिलाय. तुम्ही फक्त संस्कृत बघा."

"ठेव. सोमवारी ये."

जाताना त्याने गावातल्या एकेकाची चौकशी केली. हेडमास्तर, शिपाई, ग्रंथालयातल्या मावशी. मग म्हणाला, "चौगुले सर अजून घाटावर फिरायला जातात का हो?"

"जातात की. सकाळी साडेसहाला. घड्याळ लावून घ्यावं."

"एकटेच?"

"त्यांच्याबरोबर कोण जाणार?" मी म्हणाले, आणि हसले.

दिनकर चौगुले आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एकदा शिक्षकांच्या सभेत त्यांनी संस्कृतला 'सरकारमान्य पोपटपंची' म्हटलं होतं. निवृत्तीनंतर ते गावोगाव बुवाबाजीविरुद्ध भाषणं देत. जयवंत येण्याआधीच्या दिवाळीत घाटावरच्या देवळातल्या मूर्तीला घाम फुटला म्हणून लोकांची रीघ लागली होती. चौगुल्यांनी देवळासमोर टेबल मांडून थंड पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवला, त्याला पाणी सुटल्यावर म्हणाले, "बघा, तांब्यालाही देव पावला." मला ते आवडलं नव्हतं. समजावून सांगावं, टिंगल कशाला, असं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी लाल पेन घेऊन बसले. वेलांट्या चुकल्या होत्या, संधी चुकीचे सोडले होते. सातव्या पानावर जुन्या धर्मशास्त्रातलं एक वचन होतं. आततायी, म्हणजे जिवावर उठलेला माणूस, चालून आला तर, तो कोणीही असो, विचार न करता त्याला मारावा, असा त्याचा अर्थ. जयवंतने उतरवलेल्या वचनात 'चालून येणारा' हा शब्दच नव्हता. घाईत सुटला असेल म्हणून मी तो समासात लिहिला आणि बाण काढून जागेवर बसवला.

मराठी मजकूर मी वाचला नाही असं नाही. वाचला. त्यात लिहिलं होतं की श्रद्धा हे धर्माचं घर, तीत शंका पेरणं म्हणजे त्या घराला आग लावणं, आणि आग लावणारा शास्त्राने आततायी ठरवलेला आहे. असंच पुढे. एकावर एक विटा रचाव्यात तशी वाक्यं होती, आणि खालची वीटच मातीची होती. मला ते कळलं. मी पेन उचललंही. मग वाटलं, तरुण पोरं आहेत, लिहितात काहीतरी भडक. आणि खरं सांगायचं तर इतकंच वाटलं की हा दुखावला तर पुन्हा सहा वर्षं येणार नाही.

शेवटच्या पानावर सवयीने शेरा दिला. 'उत्तम. अक्षर सुधारले आहे.' खाली सही.

सोमवारी तो आला. गठ्ठा घेऊन त्याने एकेक पान उलटलं. सातव्या पानाशी थांबला, पुढे गेला. शेवटचा शेरा वाचून बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

"बाई, बाकी काही नाही?"

"बाकी काय?"

"म्हणजे... मजकुराबद्दल."

"मराठी काकांनी पाहिलंय म्हणालास ना?"

"हो." त्याने गठ्ठा झोळीत घातला. "पाहिलंय त्यांनी."

त्यानंतर तो दोन-तीन दिवसांआड येत राहिला. शाळेमागे मित्राची खोली होती, तिथे त्याचा मुक्काम होता. काम काय होतं ते तो सांगत नव्हता आणि मी विचारत नव्हते. त्याला आवडतात म्हणून मी तिखटमिठाच्या पुऱ्या करायचे. तो यायच्या दिवशी सकाळपासून घर झाडायचे. शेजारच्या साळुंखेबाई म्हणाल्या, "टेंबेबाई, चेहऱ्यावर तेज आलंय तुमच्या." मला ते खरं वाटलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, त्याने छापील पुस्तिका माझ्या हातात ठेवली. मी आधी सातवं पान उघडलं.

"शब्द परत सुटलाय," मी म्हणाले. "मी घालून दिला होता."

"काकांनी काढला."

"का?"

"म्हणाले, तो वृत्तात बसतो, अर्थात बसत नाही."

माझी बोटं पानावरच राहिली. मी पुढची पानं चाळली. एकोणिसाव्या पानावर हस्तलिखितात नसलेला एक परिच्छेद होता. आजच्या काळातले आततायी. नाव कोणाचंच नव्हतं, पण तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'कृष्णाकाठी मूर्तीच्या घामाची टवाळी करणारा निवृत्त शिक्षक.'

"जयवंत, खाली बस."

तो बसला.

"वचन कोणाला मारायला सांगतं?"

"आततायीला."

"कधी?"

त्याने झोळीचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"चालून येत असताना. वर्तमानकाळाचं रूप आहे ते, तुला मीच शिकवलंय. पूर्वी कधी आलेला नाही, पुढे कधी येईल असाही नाही. या क्षणी जो अंगावर येतोय तो. आपला जीव वाचवायला दुसरा मार्ग नाही, तेव्हापुरती ती सूट आहे. तो एक शब्द काढलास की काय उरतं?"

"धर्मरक्षण."

"खून उरतो."

"खून नाही, बाई. वध."

"मेलेल्या माणसाला फरक कळतो का?"

त्याने मान वर केली. त्याचा आवाज शांत होता, पाठ केल्यासारखा. "ते रोज चालून येताहेत. प्रत्येक भाषणात. आग लावणारा आततायीच असतो. ते श्रद्धेला आग लावतात."

"तुला शिकवलेलं उदाहरण घे. 'गंगेवर गवळीवाडा आहे', अर्थ सांग."

"बाई, आता ते..."

"सांग."

"गंगेच्या काठावर वाडा आहे."

"काठावर का?"

"पाण्यावर वाडा उभा राहत नाही म्हणून."

"म्हणजे सरळ अर्थ अशक्य झाला तरच दुसरा अर्थ घ्यायचा. मग आग लावणाऱ्याचा सरळ अर्थ कुठे अडला? माणसं घरं जाळत नाहीत का? शास्त्रकारांना जळणारं घर म्हणायचं होतं, ज्यात पोरंबाळं झोपलेली असतात. श्रद्धा हे घर तुमच्या काकांनी बांधलं. शास्त्रात ते नाही."

क्षणभर मला वाटलं, तो बारा वर्षांचा जयवंत समोर आलाय. ओठ किंचित उघडे, डोळे माझ्यावर. मग ते मिटलं.

"काका म्हणतात, पंडितांनी शब्द धरून ठेवले म्हणून धर्म बुडाला."

"काका काय शिकलेत?"

"त्यांना शिकायची गरज नाही. त्यांना दिसतं."

"आततायी सहा सांगितलेत. तिसरा कोणता?"

"हत्यार घेऊन आलेला."

"मग मला सांग," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "घाटावर हत्यार घेऊन कोण जाणार आहे? चौगुले की..."

तो उठला. चपला पायात घालताना त्याचा तोल गेला, त्याने दाराची चौकट धरली.

"आता उशीर झालाय, बाई," तो म्हणाला. "फार उशीर झालाय." आणि तो गेला.

मी तशीच निघाले. चौगुल्यांचं घर पेठेच्या टोकाला होतं. ते अंगणात बनियनवर बसून सायकलीची साखळी पुसत होते.

"टेंबेबाई? वाट चुकलात काय?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पुस्तिका दाखवली. त्यांनी एकोणिसावं पान वाचलं, हात पुसले आणि आतून बुटांचा एक खोका आणला. त्यात पत्रं होती. 'तुझा दिवस जवळ आला', 'कुटुंबाला सांभाळ', असली.

"तीन वर्षांची आहेत," ते म्हणाले. "कुटुंब म्हणजे मी आणि ही सायकल. बायको गेली तेव्हाच मजकूर बदलायला हवा होता त्यांनी."

"ही तशी धमकी नाही. हा मुलगा करेल."

"कोण आहे?"

"माझा विद्यार्थी."

"नाव?"

मी नाव सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा साखळी पुसायला घेतली. "संस्कृतचा?"

"हो."

"सुटलेला शब्द तुम्ही घातला होतात?"

"हो."

"पोपट नव्हता म्हणायचा तुमच्याकडे. माफ करा, तेव्हा बोललो ते." ते उठले. "पण मी घाटावर जाणार. वाट बदलली की उद्या भाषण बदलायला सांगतील."

"मग एकटे जाऊ नका."

"बरोबर कोण येणार?"

"मी येते."

ते माझ्या गुडघ्यांकडे बघून हसले, पण नको म्हणाले नाहीत.

दुपारी मी पोलीस चौकीत गेले. पुस्तिका दिली, धोका आहे म्हणून सांगितलं. तिथेही नाव विचारलं. तिथेही मी म्हणाले, नक्की माहीत नाही. मला वाटत होतं, एक संधी द्यावी. तो पुन्हा विचार करेल. माझं बोलणं त्याच्या आत गेलंय, मी ते पाहिलं होतं. नाव एकदा कागदावर गेलं की तो कायमचा गेला. तो पुन्हा येईल म्हणून मी संध्याकाळी कणीकही मळून ठेवली.

चौगुल्यांबरोबर एक शिपाई देण्यात आला. तीन दिवस तो आमच्यामागे जांभया देत चालला. चौथ्या दिवशी जत्रेच्या बंदोबस्ताला त्याची नेमणूक झाली. मग आम्ही दोघंच. साडेसहाला पेठेच्या टोकाशी भेटायचं, घाटाच्या पायऱ्यांपर्यंत जायचं, परत यायचं. नदीवर धुकं असायचं. पहिले दोन दिवस आम्ही बोललोच नाही. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "संस्कृतमध्ये बुरशीला काय म्हणतात?" मला आठवलं नाही. ते फार खूश झाले.

आठव्या दिवशी मोटारसायकल आली. घाटाच्या वरच्या कमानीपाशी थांबली. चालवणारा बसून राहिला, मागचा उतरला आणि आमच्याकडे चालत आला. कानटोपी घातली होती, तोंडाला मफलर होता. मी चालण्यावरून ओळखलं. डावा पाय तो जरा बाहेर टाकायचा, लहानपणापासून.

"जयवंत!"

मी ओरडले. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. तो थांबला. माझ्या तोंडून सगळ्या गावासमोर निघालेलं ते नाव आम्हा दोघांच्या मध्ये उभं राहिलं. कमानीपाशी दुसरा काहीतरी ओरडला. जयवंतचा हात खिशातून बाहेर आला. मी चौगुल्यांची बाही धरून ओढली आणि आवाज झाला. इतका लहान आवाज. चौगुले पायरीवर बसले, जणू दमल्यामुळे बसले. मांडीतून रक्त येत होतं.

जयवंत तिथेच उभा होता. मोटारसायकल निघून गेली. तो पळालाही नाही. धुणं टाकून आलेल्या बायकांनी त्याला घेरलं, तेव्हा त्याने पिस्तुल पायरीवर ठेवलं आणि खाली बसला.

मिरजेच्या दवाखान्यात चौगुल्यांचा पाय वाचला, पण हाड नीट जुळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले.

"नाव ठाऊक होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"पायाचं मी काही म्हणत नाही. नेम चुकला की त्याने चुकवला, देव जाणे." आपण काय बोललो ते लक्षात येऊन ते हसले आणि कळ आली म्हणून थांबले. "पण आता सांगा. सगळं सांगा. अर्धवट वचनाने काय होतं ते पाहिलंत."

मी सांगितलं. कोर्टात दोन वर्षांनी साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी मला जयवंतचं हस्तलिखित दाखवलं.

"हे लाल अक्षर कोणाचं?"

"माझं."

"शेवटचा शेरा वाचा."

मी वाचला.

"म्हणजे मजकूर तुम्हाला उत्तम वाटला."

"मी संस्कृत तपासलं होतं."

"मराठी येत नाही तुम्हाला?"

कोर्टात काही लोक हसले. जयवंत हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मी म्हणाले, "मराठी येतं. मी वाचलं होतं आणि गप्प बसले. ते माझं चुकलं. गोळी यानेच झाडली, हे मी पाहिलं." त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. काकांवर काही सिद्ध झालं नाही. पुस्तिकेवर त्यांचं नाव नव्हतं.

त्यानंतर गावात माझी दोन्हीकडून पंचाईत झाली. देवळाच्या वाटेवर लोक मला पाहून बाजू बदलायचे, पोराला फासावर चढवायला निघालेली बाई म्हणून. चौगुल्यांच्या भाषणांना येणारे तरुण मला पाहून कुजबुजायचे, शेरा देणारी ती हीच म्हणून. साळुंखेबाई वाटीभर काही आणून द्यायच्या, ते बंद झालं. जयवंतची आई अक्काताई एकदा बाजारात समोर आली. तिच्या हातातली मेथीची जुडी तिने घट्ट धरली होती, एवढंच आठवतं. हुबळीहून बहीण म्हणाली, "ये निघून." मी गेले नाही.

चौगुले मात्र लंगडत माझ्याकडे यायचे. महिन्यातून दोनदा. वाद घालायचे, चहा प्यायचे. गोळी लागल्याला चार वर्षं झाल्यावर एका दुपारी ते झोपेतच गेले. त्यांनी लिहून ठेवलं होतं म्हणून कोणतेही विधी झाले नाहीत. देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. गाडीत चढवताना आम्ही सहा माणसं होतो.

जयवंतला अटक झाल्यापासून मी दर वर्षी कोल्हापूरच्या तुरुंगात भेटीला जात होते. अर्ज करायचा, बाकावर बसायचं, मग शिपाई येऊन सांगायचा, "कैदी भेटायला तयार नाही." सात वेळा असंच झालं. आठव्या वर्षी शिपाई म्हणाला, "चला."

जाळीपलीकडे जयवंत बसला होता. दाढी काढलेली, कानशिलं पांढरी झालेली. पस्तिशीच्या आतच तो माझ्या वडिलांसारखा दिसायला लागला होता.

"सर कसे आहेत?" त्याने विचारलं.

त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"गेले. चार वर्षं झाली. झोपेत गेले."

"माझ्यामुळे?"

"नाही. हृदय कमजोर होतं."

तो जाळीकडे बघतच म्हणाला, "बाई, मी तुमच्याकडे आलो तेव्हा ठरलेलं नव्हतं."

"कधी?"

"पहिल्यांदा. कागद घेऊन. या कामासाठी काकांनी माझं नाव सुचवलं होतं. मी म्हटलं, वचन नीट लावून बघतो. सगळे म्हणाले, कशाला बघायचंय? पण मला वाटलं, बाईंना दाखवू. बाई एक वेलांटी सोडत नाहीत. हे असलं लिहिलेलं बघून त्या मला घराबाहेर काढतील. झोळी रस्त्यावर फेकतील." त्याने नाक ओढलं. "मला तेवढंच हवं होतं. तुम्ही ओरडला असतात तर मी पुण्याला परत जाऊन सांगणार होतो, शास्त्र नाही म्हणतंय. माझं स्वतःचं नाही म्हणायचं धाडस नव्हतं."

मी जाळीला हात लावला. शिपाई म्हणाला, "हात खाली."

"मला वाटलं," मी म्हणाले, "ओरडले तर तू येणार नाहीस."

"मी तर ओरडून घ्यायलाच आलो होतो."

वेळ संपल्याची घंटा झाली. तो उठला. पुढच्या वर्षी येऊ का, असं मी विचारणार होते, पण तो आधीच वळला होता. दाराशी जाऊन त्याने एकदा मागे पाहिलं. मग दार बंद झालं.

बाहेर एसटीच्या थांब्यावर एकच बाक होता. त्यावर एक बाई बसली होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. ऊन उतरलं होतं. मी खांबाला धरून उभी राहिले.

"कोण हाय आत तुमचं?" तिने विचारलं.

अर्जावर नात्याच्या रकान्यात मी दर वर्षी वेगळं काहीतरी लिहीत होते.

"माझ्यामुळे आत आहे तो," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि सरकून जागा केली.

"सगळ्या आया असंच म्हणत्यात, मावशी," ती म्हणाली. "बसा."